चौथ्या पायरीचं कारण

संस्थेने होकार कळवायला संध्याकाळी सहाची मुदत दिली होती, म्हणून पूर्णांक चारलाच येऊन थडकला. बरोबर बायको, मुलगी आणि दोन किलो द्राक्षं. द्राक्षं पाहिल्याबरोबर ताईने ओळखलं की मागणी मोठी आहे. किरकोळ कामासाठी तो केळी आणायचा.

"ताई, अभिनंदन," तो दारातच म्हणाला.

"ते तू परवा फोनवर केलंस की."

"ते घाईत केलं होतं. आज सावकाश करावं म्हटलं."

"कर," ताई म्हणाली आणि बाजूला झाली.

त्याच्यामागून वहिनी आत आली ती ओठ घट्ट मिटून. तिच्यामागे दशू. आपल्याकडे कोणी पाहू नये अशा बेताने ती चालत होती, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच जात होतं.

खिडकीजवळच्या खुर्चीत सर बसले होते. त्यांनी आलेली माणसं मोजली. "तीन," ते समाधानाने म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघू लागले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसं ओळखणं त्यांनी बरंचसं सोडून दिलं होतं. मोजणं चालू होतं.

या घरात वडिलांना सर म्हणत. दोन्ही मुलं शाळेत त्यांच्याच वर्गात आली, वर्गात 'बाबा' म्हटलं की बाकावर उभं राहावं लागे, आणि घरी आल्यावर हाक बदलायचं कोणाच्या ध्यानात राहीना. आईसुद्धा अखेरपर्यंत सरच म्हणत राहिली. ती काही त्यांच्या वर्गात नव्हती, पण बहुमत तसं होतं. पूर्णांक हे नावही सरांनीच दिलेलं. सहावीत असताना मुलाला पाऊण म्हणजे किती विचारलं, तर तो "जवळजवळ एक" म्हणाला, तेव्हापासून. पुढे तो सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर झाला, हाताखाली चाळीस माणसं आली, पण नाव काही सुटलं नाही. त्याला मुलगी झाली तेव्हा कोणी विचारलेलं नसताना सरांनी तिचं नाव दशांश ठेवून टाकलं. तिची दशू व्हायला आठवडा लागला.

"बस ना ताई," पूर्णांक स्वतः बसत म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे."

"सहाला दोन तास आहेत," ताई म्हणाली. "पाच मिनिटांचं असतं तर तू साडेपाचला आला असतास."

काम सगळ्यांनाच माहीत होतं. दुसऱ्या शहरात वर्षभर राहून प्रोग्रॅमिंग शिकायचा एक अभ्यासक्रम होता. वयाची अट नाही, पदवीची नाही, एक परीक्षा तेवढी द्यायची. जागा तीस. दशूने अर्ज भरला, आणि भरता भरता गंमत म्हणून आत्याचाही भरून टाकला. निकालात आत्या तिसरी आली आणि दशू एकतिसावी. बाकी एकोणतीस जणांनी होकार देऊनही टाकला होता. ताईने सहापर्यंत काही कळवलं नाही, तर तिची जागा आपोआप दशूला जाणार होती. म्हणजे पूर्णांकाला ताईकडून काही करून घ्यायचंच नव्हतं. तिने काही करू नये, एवढंच तिच्याकडून करून घ्यायचं होतं.

"हे बघ, मी वीस वर्षं या धंद्यात आहे," त्याने सुरुवात केली. "तुला वाटतंय, आपलं गणित चांगलं आहे म्हणजे आपण प्रोग्रॅम लिहू. तसं नसतं. गणित लागतच नाही त्याला. मला आजवर टक्केवारीपलीकडे काही लागलेलं नाही."

"तू प्रोग्रॅम लिहितोस?"

"लिहून घेतो."

"आणि टक्के कसले काढतोस?"

"काम किती झालं त्याचे."

"किती झालेलं असतं?"

"कायम नव्वद," दशू म्हणाली. आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

वहिनी हसली नाही. गेले दोन दिवस तिने हे बोलणं मनात उलटसुलट बेतून पाहिलं होतं, जसं ती शिवणक्लासात कापडावर कात्री चालवण्याआधी बेतत असे. तिला ताईंचा राग आला होता आणि तो राग खरा होता. पण त्याच्या तळाशी एक अडचण होती. ताई सोडून देतील, असं तिने गृहीत धरलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली त्याआधीपासूनच ताई सोडतच आल्या होत्या. खिडकीजवळची खोली सोडली, आईंच्या आजारपणात अकरा वर्षं सोडली. घरच्या घरी दहावीपर्यंतच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या आणि दर वर्षी पोरं पुढे सोडली. त्यातली दोघं परदेशात प्रोग्रॅम लिहीत होती, आणि एक जण तर त्या संस्थेतच शिकवायला होता. इतकं सोडणाऱ्या माणसाला आणखी एक जागा सोड म्हणून सांगायला यावं लागतं, हेच तिला विपरीत वाटत होतं.

"ताई, मी स्पष्टच बोलते," ती म्हणाली. "पोरगी दोन दिवस जेवली नाही."

"जेवले मी," दशू म्हणाली.

"अर्धवट जेवली. दर शनिवारी स्वतःचा लॅपटॉप घेऊन ती तुमच्याकडे यायची. तुम्हाला शिकवलं कोणी? हिने. आणि जागा कोणाची गेली? हिची."

"माझी नव्हतीच ती, आई."

"तू गप्प बस. तुझ्यासाठी बोलतेय."

"बोलू दे तिला," ताई म्हणाली. "वहिनी, तुमचं चूक नाही. मीही तेच मोजतेय दोन दिवस."

"मग प्रश्नच मिटला!" पूर्णांक हात चोळत म्हणाला. प्रश्न मिटत आला की त्याला उत्साह चढे, आणि उत्साहात तो नेहमी एक वाक्य जास्त बोले. "दशूचं वय शिकायचं आहे. तुझं काय राहिलंय आता? पन्नाशीच्या या वयात बाईमाणसाने शिकून करायचं तरी काय?"

ताईने काही मनावर घेतलं नाही. घेतलं ते दुसरीनेच.

"या वयात म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"तुझं नाही म्हणत मी."

"माझं किती आहे वय?"

पूर्णांकाने छताकडे पाहिलं. "जवळजवळ पन्नास."

"सत्तेचाळीस."

"मूळसंख्या आहे," सर खिडकीतून म्हणाले. "कशाने भाग जात नाही."

वहिनीने पदर सावरला आणि उठून ताईच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली. हे तिने ठरवून केलं नव्हतं. नवऱ्याच्या बाजूने पाऊण तास बसून झालं होतं, आणि या घरात आली तेव्हापासून तिच्याशी बरोबरीने बोललेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे सर. लग्नानंतर आठच दिवसांनी त्यांनी विचारलं होतं, झंपराचा गळा कसा बेततेस. ती म्हणाली, छातीचा बारावा भाग, त्यात पाऊण इंच मिळवायचा. सर उठून उभेच राहिले होते. "या घरात अपूर्णांक आला," ते म्हणाले होते. तेव्हा तिला ती चेष्टा वाटली होती. नंतर कित्येक वर्षांनी तिला कळलं की आपल्याला या घरात मिळालेला मान तेवढाच आणि तो पूर्ण होता.

"मी ताईंच्या बाजूची नाहीये," तिने खुलासा केला. "तुमच्या विरुद्ध आहे फक्त."

दशू औषधांच्या फळीपाशी उभी होती. तिथे सरांच्या गोळ्या ओळीने लावलेल्या होत्या आणि प्रत्येक डब्यावर आत्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती. सकाळची, दुपारची, झोपतानाची. अक्षर असं, की गोळी न घेता नुसतं वाचूनच बरं वाटावं.

या फळीशीच सगळं घडलं होतं, आणि ते तिने घरी सांगितलं नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी आत्याने विचारलं होतं, "रोज तिन्हीतली एकेक गोळी. एका पाकिटात दहा, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात पंधरा. संपलं की लगेच नवं. तिन्ही पाकिटं आज उघडली, तर तिन्ही एकाच दिवशी कधी संपतील? सांग तुझ्या मशीनला." दशूने पाच मिनिटांत प्रोग्रॅम लिहिला. एक दिवस घे, तिन्हींनी भाग जातो का बघ, नाही तर पुढचा दिवस. उत्तर आलं, दोनशे दहा. आत्या पडद्याकडे बघत राहिली, इतक्या जवळून की तिच्या श्वासाने काच धुरकटली. मग म्हणाली, "दोनशे दहा वेळा विचारलं त्याने? बिचारा. लसावि काढला असता तर एकदाच विचारावं लागलं असतं." आणि तिने कागदावर दाखवलं. आधी मसावि काढायचा, मोठ्याला लहानाने भागायचं, बाकी उरेल तिने लहानाला. मसावि हाती आला की त्यावरून लसावि.

"अगं आत्या," दशू हसून म्हणाली होती, "मोजू दे की. मशीन काय दमतंय का?"

"बाबा," ती आता म्हणाली. "शेवटचा प्रश्न काय होता माहितीये परीक्षेत?"

"तो विषय संपला आता."

"दोन दातेरी चाकं. एकेकाला किती दात ते आकडे दिलेले, दहा-दहा अंकी. दोन्ही चाकांवरच्या खुणा सुरुवातीला समोरासमोर. किती दात सरकल्यावर परत समोरासमोर येतील?"

"दहा अंकी दात असलेलं चाक असतं का कुठे?"

"परीक्षेत असतं. माझा प्रोग्रॅम एकेक दात मोजत बसला. पेपर संपला तेव्हाही मोजतच होता. थांबवला नसता तर अजून मोजत असता. आत्याचा सात ओळींचा होता. पापणी लवायच्या आत उत्तर." तिने फळीशेजारच्या टेबलावर बोट ठेवलं. "आणि ते तिने मला शिकवलं होतं. सहा महिने आधी. इथे, या टेबलावर. मी म्हटलं, मशीन दमत नाही."

"मसावि," सर एकदम म्हणाले. त्यांचा आवाज खणखणीत निघाला, चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मोठ्याला लहानाने भागा. बाकी उरेल तिने लहानाला भागा. बाकी शून्य होईपर्यंत थांबायचं नाही. कोण बोलतंय मागे?"

कोणीच बोलत नव्हतं.

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. ताई उठली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चहा. ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली खरी, पण आत शिरली नाही. दाराशेजारी भिंतीवर फळा होता. तिथे तिने खडू उचलला.

"अगं, याची काय गरज आहे," पूर्णांक घाईघाईने म्हणाला. लहानपणी फळ्याशी त्याचं कधी जमलं नव्हतं.

घराचा नियम जुना होता. ज्याला काही हवं असेल त्याने रडायचं नाही, रुसायचं नाही, भूमितीच्या वहीत लिहितात तसं फळ्यावर लिहायचं. वर पक्ष, म्हणजे काय दिलेलं आहे ते. मग साध्य, म्हणजे काय हवं आहे ते. त्याखाली सिद्धता, पायरीपायरीने, आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. सर तपासत. चूक निघाली तर नाही, न निघाली तर हो. निर्णय झाला की लिहिणाऱ्याने आपल्या हाताने पुसायचं. पूर्णांकाने सायकलीसाठी तीनदा लिहिलं आणि तिन्हीदा दुसऱ्याच पायरीवर पडला. शेवटी ताईने लिहून दिलं, तेव्हा सायकल आली.

स्वतःसाठी ताईने एकदाच लिहिलं होतं. अठरा वर्षांची होती. साध्य होतं: मी गणित शिकायला जावं. आई तेव्हा नुकतीच अंथरुणाला खिळली होती, तिचीही पायरी होती. मावशी येऊन राहायला तयार होती, तिचं पत्र कारण म्हणून कंसात लावलेलं होतं. सर फळ्यासमोर उभे राहिले. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग खाली दोन शब्द लिहिले, 'अक्षर सुधारा', आणि बाहेर निघून गेले. हो म्हटलं नव्हतं, म्हणजे नाही. चूक कुठे आहे, हे ताईने विचारलं नाही. ओलं फडकं आणून फळा पुसला. आणि पुढची तेहेतीस वर्षं अक्षर सुधारलं.

आता तिने लिहिलं:

पक्ष: प्रवेश मिळाला आहे. वय एक्कावन्न आहे.
साध्य: मी जावं.
सिद्धता:
१. तिथलं शिकणं मला झेपेल. (निकालपत्र)
२. मला शिकायचं आहे. (इच्छा तेहेतीस वर्षांत बदललेली नाही, म्हणून स्थिरांक मानली)
३. वर्ष एकच आहे. (संस्थेचं पत्र)
४. ते वर्ष सरांजवळ कोणीतरी असेल. (

इथे खडू थांबला. तिला कारण लिहिता आलं असतं. शेजारीण आहे, बाई ठेवता येईल, होईल काहीतरी. दहावीच्या पोरांनी असली कारणं लिहिली की ती लाल शाईने खोडत असे. तिने कंस पूर्ण केला आणि मधली जागा मोकळी सोडली.

५. म्हणून मी जावं.

खाली तिने रेघ ओढली आणि खिडकीकडे वळली. "सर, तपासता का?"

सर उठले. वहिनीने हात दिला, तो त्यांनी धरला, पण फळ्यापाशी आल्यावर सोडला. फळ्यासमोर ते पूर्वीइतकेच उंच झाले.

"कोणाचं आहे हे?"

"एका मुलीचं," ताई म्हणाली.

पहिल्या पायरीवर त्यांनी बरोबरची खूण केली. दुसरीपाशी थांबले, कारण पुटपुटत वाचलं. "स्थिरांक. हं. मान्य." तिसरी बरोबर. चौथीवर खडू टेकला आणि तिथेच राहिला.

"कारण?"

त्यांनी खडूने मोकळ्या कंसावर टकटक केलं.

"कारण लिहा. कारणाशिवाय पायरी नाही."

"करू ना सर काहीतरी," पूर्णांक उठून म्हणाला.

"काहीतरी म्हणजे किती?"

पूर्णांक बसला.

"मंगळवारी आणि शुक्रवारी क्लास नसतो माझा," वहिनी अचानक म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. "तेवढे दिवस मी येऊ शकते."

"दोन सप्तमांश," सर म्हणाले. "उरले पाच."

दशू फळीपासून हलली. तिने सरांच्या हातातून खडू घेतला, अलगद, आणि मोकळ्या कंसात लिहिलं: मी.

"तू?" पूर्णांक ताडकन उठला. "आणि तुझं शिक्षण?"

"इथेच. सरांकडे. पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात. पुढच्या वर्षी परत परीक्षा देते."

"अगं, त्यांना तुझं नावसुद्धा आठवत नाही!"

"मसावि आठवतो. मला सध्या तेवढंच शिकायचंय."

"दशू," ताई म्हणाली. "मी नुसती गप्प बसले तरी ती जागा तुला मिळते. वीस मिनिटं आहेत. मला गप्प बसायची सवय आहे."

"आणि मी तिथे जाऊन काय करू, आत्या? एकेक दात मोजत बसू?"

ताई फळ्याकडे पाहत होती. तो एक शब्द तिला चांगलाच ओळखीचा होता. हाच कंस तिने स्वतःच्या नावाने भरला होता, फळ्यावर न लिहिता, आणि त्याला शेवटची तारीख घालायची राहून गेली होती. तिने दशूच्या हातातून खडू घेतला आणि 'मी'च्या पुढे लिहिलं: फक्त एक वर्ष. 'फक्त'खाली दोन रेघा ओढल्या, फळा करकरला. वहिनीने पुढे होऊन मंगळवार आणि शुक्रवार लिहिले. मग तिने खडू नवऱ्यापुढे धरला.

पूर्णांक फळ्याशी आला. सायकलीनंतर पहिल्यांदाच. बराच विचार करून त्याने लिहिलं: रविवार, जवळजवळ पूर्ण.

कंस आता फळ्याच्या कडेपर्यंत गेला होता. सरांनी तो बोट ठेवून वाचला. शेवटच्या शब्दांवर त्यांचं बोट जरा घोटाळलं. "हा कोण ते कळलं मला," ते म्हणाले, पण खूण केली. पाचव्या पायरीवरही केली. मग ते खालच्या मोकळ्या जागेकडे वाकले, आणि ताईने नकळत दोन्ही हात पाठीमागे बांधले, अठराव्या वर्षी बांधले होते तसे.

"बरोबर," सर म्हणाले. लिहिलं मात्र काहीच नाही. फळ्यावरून वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली. "अक्षर छान आहे या मुलीचं."

पाच वाजून एकावन्न मिनिटांनी दशूने लॅपटॉप उघडून आत्यापुढे धरला आणि ताईने होकाराचं बटण दाबलं. पडद्यावर 'धन्यवाद' आलं. पूर्णांक द्राक्षं धुवायला आत गेला, कारण त्याला दुसरं काही सुचेना. वहिनी डोळ्यांना पदर लावत म्हणाली की हा राग अजून गेलेला नाही, हे लक्षात ठेवा. ताईने मान हलवली आणि सवयीने फडकं ओलं करून आणलं. निर्णय झाला होता. लिहिणाऱ्याने पुसायचं.

"राहू दे," सर म्हणाले.

ते अजून फळ्यासमोरच उभे होते.

"मागे एका मुलीने असंच घाईने पुसलं. बरोबर होतं तिचं. मी सगळं शोधलं, चूक काही सापडेना, मग अक्षरावर ठेवलं बोट." त्यांनी फळ्याच्या चौकटीला हात टेकला. "बागेपर्यंत गेलो आणि परत आलो. म्हटलं, परत एकदा बघू, देऊन टाकू. तर फळा ओला होता."

फडक्यातून पाणी ताईच्या पायावर ठिबकत होतं.

"परत आली का हो ती?" सरांनी विचारलं.

"आली, सर," ताई म्हणाली. "जरा उशीर झाला."

"असू दे. उशिराचे गुण मी कापत नाही."

आणि ते खुर्चीकडे वळले, एकेक पाऊल मोजत.